रिकाम्या यंत्रांची वर्गणी

संगणक हा शब्द उच्चारला म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. परंतु ज्या इंग्रजी शब्दाचा हा पर्याय, तो ‘कॉम्प्युटर’ हा शब्द दीड-दोनशे वर्षांपूर्वी माणसाला लावीत असत, आणि आपल्या देशात तर ते एका सरकारी हुद्द्याचे नाव होते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात १८३१ साली राधानाथ सिकदार नावाचा एक बंगाली तरुण या हुद्द्यावर रुजू झाला. मोजणीदारांनी ठिकठिकाणांहून घेतलेले कोन समोर ठेवावयाचे, हवेने प्रकाशकिरण वाकतो त्याची दुरुस्ती करावयाची आणि अंतरे व उंची काढावयाची, हे त्याचे काम. पुढे तो मुख्य गणक झाला. ज्या शिखराला तोवर केवळ ‘पंधरावे’ एवढाच क्रमांक होता, ते जगात सर्वांत उंच असल्याचे या गणिताने दाखविले. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, आणि शिखरासाठी नाव सुचविले गेले ते एका निवृत्त वरिष्ठ साहेबाचे. मी स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून असल्यामुळे ही हकीकत वाचताना मला हसू येते की वाईट वाटते, हे नक्की सांगता येत नाही.

मोठ्या गणिताचे लहान लहान तुकडे करावयाचे, ते अनेक हातांत वाटावयाचे आणि आलेली उत्तरे पुन्हा एकत्र जुळवावयाची, ही युक्ती यंत्रांच्या जन्माआधीची आहे. २०२० च्या महामारीत लक्षावधी लोकांनी आपापल्या घरातील संगणक याच युक्तीने शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले होते. त्या घटनेविषयी तेव्हा वर्तमानपत्रांतून जे लिहून आले त्यात कौतुक पुष्कळ होते, हिशेब थोडा होता. मला हिशेबाची सवय आहे, आणि तो मांडण्यासाठी प्रथम थोडे मागे जाणे भाग आहे.

१७५८ च्या जून महिन्यात पॅरिस येथे तीन माणसे एका मेजाभोवती बसली. हॅलेचा धूमकेतू पुन्हा केव्हा दिसणार हे त्यांना ठरवावयाचे होते. गुरू आणि शनी या ग्रहांच्या ओढीने त्याचा मार्ग किती ढळतो, हे अंशाअंशाने मोजल्याखेरीज तारीख निघत नव्हती. गणिताची आखणी क्लेरो याची. आकडेमोड लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषीची. सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रसंगी जेवणाच्या मेजावरही, हे काम नोव्हेंबरपर्यंत चालले होते असे लालांदने नमूद केले आहे. त्यांनी भाकीत केले की, धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या निकटतम बिंदूशी येईल, आणि चूक झालीच तर महिन्याची होईल. तो १३ मार्चला आला. क्लेरोने पुढे आपल्या ग्रंथातून त्या बाईंचा उल्लेख गाळला. लालांदने मात्र त्यांच्या श्रमाची मोकळ्या मनाने कबुली दिली. आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. परतलेला धूमकेतू प्रथम पाहिला तो कोणा राजज्योतिषाने नव्हे. ड्रेस्डेनजवळ शेती करणाऱ्या पालिच नावाच्या एका हौशी माणसाला १७५८ च्या नाताळच्या रात्री तो दिसला.

पुढे फ्रान्समध्येच राज्यक्रांतीच्या धामधुमीत द प्रोनी या अभियंत्याने लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टके तयार करण्याचे काम घेतले. टाचणीच्या कारखान्यात एकेका मजुराने एकेकच क्रिया केली तर माल किती वाढतो, हे ॲडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले होते. तो भाग वाचून द प्रोनीने गणिताचाही कारखाना घातला. वर मोजके गणिती, मध्ये आखणी करणारे सात-आठजण आणि खाली बेरीज-वजाबाकीपलीकडे काही न जाणणारी साठ-सत्तर माणसे. राज्यक्रांतीने सरदारांबरोबर त्यांच्या केशरचनाही नाहीशा केल्या, तेव्हा बेकार झालेले केशभूषाकार या खालच्या पायरीवर होते असे सांगतात. सर्व कोष्टके दोन गटांकडून स्वतंत्रपणे करवून ताडून पाहिली जात. १९३८ साली अमेरिकेतील मंदीत न्यूयॉर्क येथे सरकारने असाच एक कारखाना काढला. तेथे सुमारे साडेचारशे बेकार माणसे गर्ट्रूड ब्लांच या गणितज्ञ बाईंच्या देखरेखीखाली काळ्या आणि तांबड्या पेन्सिलींनी धन-ऋण आकडे मांडीत बसत. त्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण प्राथमिक अंकगणितापुरतेच होते. परंतु त्यांनी तयार केलेली कोष्टके शुद्धतेबद्दल नावाजली गेली.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे, आणि ती कचेरीत वावरलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येईल. आकडेमोड करणाऱ्याची हुशारी येथे दुय्यम होती. काम कोणत्या ठिकाणी तोडावयाचे, कोणाला काय द्यावयाचे, आलेले उत्तर खरे की खोटे हे कसे ओळखावयाचे, म्हणजे आमच्या भाषेत जावक, आवक आणि पडताळणी, यांवर सारे अवलंबून होते. शिवाय प्रत्येक काम तोडता येतेच असे नाही. शंभर पानांच्या जमाखर्चाची बेरीज शंभर जणांत वाटता येते. चक्रवाढ व्याजाचे मात्र तसे नाही. दहाव्या वर्षाचा आकडा नवव्या वर्षाच्या आकड्यावाचून निघत नाही, तेथे शंभर माणसे बसविली तरी नव्याण्णव जण हात बांधून राहतील.

यंत्रे आली आणि माणसांचे हे कारखाने बंद पडले. परंतु जेव्हा यंत्रेच घरोघर झाली आणि तारांनी एकमेकांस जोडली गेली, तेव्हा जुनी युक्ती नव्या रूपाने परत आली. १९७७ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात वाचकांना एक सांकेतिक संदेश दिला होता. तो उलगडण्यासाठी १२९ अंकी संख्येचे अवयव पाडावे लागणार होते. १९९४ साली सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी सोळाशे यंत्रांवर आठ महिने खपून ते पाडले; त्या यंत्रांत दोन फॅक्स यंत्रेही होती! दोन वर्षांनी जॉर्ज वोल्टमन यांनी मोठमोठ्या अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी लोकांना हाक दिली. आणि १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्राने ‘सेटी ॲट होम’ सुरू केले, तेव्हा ही गोष्ट मूठभर हौशी मंडळींतून निघून सामान्य घरांत शिरली. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची जी प्रचंड दुर्बीण होती, तिने टिपलेल्या रेडिओलहरींत परक्या जिवांचा संकेत सापडतो का, हे पाहावयाचे होते. आपण उठून चहाला गेलो की रिकाम्या संगणकाने हे काम करावे, परत आलो की थांबावे, अशी योजना. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला. संकेत सापडला नाही. पण रिकाम्या यंत्रांची वर्गणी काढता येते हे सिद्ध झाले.

वर्गणी हाच शब्द येथे मला योग्य वाटतो. देणगी देणारा आपले नाव कोनशिलेवर पाहू इच्छितो. वर्गणी ही चार आण्यांचीही चालते, तिच्यावाचून उत्सव अडत नाही, आणि तरीही उत्सव तिच्यावरच उभा असतो. अर्थात वर्गणीत खोटे नाणेही येते. पूर्ण केलेल्या कामाबद्दल गुण मिळत, आणि गुणांच्या लोभाने काही महाभाग काम न करताच उत्तरे धाडू लागले. म्हणून प्रत्येक तुकडा एकाहून अधिक यंत्रांकडे पाठवून उत्तरे ताडण्याची पद्धत पडली. द प्रोनीच्या दोन गटांचीच ही नवी आवृत्ती.

परग्रहावरील जिवांऐवजी आपल्याच शरीरातील व्याधींकडे ही शक्ती वळली ती २००० साली. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधनासाठी एड्सविरोधी औषधांचा शोध घरगुती संगणकांवर सुरू झाला. आणि ऑक्टोबरात स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी ‘फोल्डिंग ॲट होम’ हा उपक्रम उघडला. २००४ साली आय.बी.एम. कंपनीने, तर २००५ साली सिॲटल येथे डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने आपापले उपक्रम काढले. यांपैकी फोल्डिंगविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण महामारीत सर्वांत मोठी झुंबड तेथे उडाली.

प्रथिन म्हणजे वीस जातींच्या मण्यांची एक माळ. माळ तयार होताच ती स्वतःभोवती वळून, दुमडून एक विशिष्ट आकार घेते, आणि त्या आकारावरच तिचे कार्य ठरते. या वळणांनाही मर्यादा आहेत. दोन मण्यांमधील दुवे कोणत्या कोनांत फिरू शकतात आणि कोणत्या कोनांत अणू अणूवर आदळतील, याचा नकाशा १९६३ साली मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. आज जगात कोठेही प्रथिनाचा नवा आकार निश्चित केला गेला तरी तो रामचंद्रन-नकाशाशी ताडून पाहतात. मात्र आकार एकदा ठरला म्हणजे प्रथिन पुतळ्यासारखे स्थिर राहते असे नाही. ते सतत हलते, उघडते, मिटते. ती हालचाल पाहावयाची तर प्रत्येक अणूवरील ओढ मोजून त्याला पुढे सरकवावे लागते, आणि हे सरकविणे सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्याव्या भागाच्या टप्प्याने करावे लागते. प्रथिनाच्या महत्त्वाच्या हालचाली मात्र कित्येकदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या सावकाश असतात. एका टप्प्यावाचून पुढचा टप्पा नाही; म्हणजे हे चक्रवाढ व्याजाचे गणित झाले.

पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे श्रेय हे की, त्यांनी या न तुटणाऱ्या गणिताला तोडण्याची जागा शोधली. एकच दीर्घ प्रवास पाहण्याऐवजी निरनिराळ्या ठिकाणांहून निघालेले हजारो लहान प्रवास पाहावयाचे, कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाणे किती वेळा घडते याची नोंद ठेवावयाची, आणि त्या नोंदींवरून दीर्घ प्रवासाचा नकाशा संख्याशास्त्राने उभा करावयाचा. एखाद्या परक्या शहरातील सर्व वाटा समजून घेण्यासाठी एकाच पांथस्थामागे वर्षभर फिरण्याऐवजी हजार पांथस्थांमागे घटका घटकाभर फिरावे, तसे हे आहे. २००७ मध्ये सोनी कंपनीच्या खेळाच्या यंत्रांवरही हे काम चालू लागले, आणि पुढील पाच वर्षांत दीड कोटी खेळाडूंनी त्याला हातभार लावला. नंतर मात्र उत्साह ओसरला. २०१९ साली सेंट लुइस येथील ग्रेगरी बोमन यांनी सूत्रे घेतली. त्यानंतरच्या काळात कामावर असलेली यंत्रे तीस हजारांच्या आसपास होती.

आता २०२० चा फेब्रुवारी-मार्च. फेब्रुवारीच्या २७ तारखेस या उपक्रमाने नव्या करोना विषाणूच्या प्रथिनांवर काम करण्याचे जाहीर केले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी घोषित केली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून आपल्याकडे टाळेबंदी आली. त्याच आठवड्यात फोल्डिंग ॲट होमने एक ‘एक्साफ्लॉप’ ओलांडला, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी आकडेमोड. त्या वेळी जगातील सर्वांत वेगवान गणला जाणारा अमेरिकेतील ‘समिट’ हा महासंगणक त्याच्या पाचव्या भागाइतका होता. आणि योगायोग असा की, ३१ मार्चला सेटी ॲट होमने नवे काम वाटणे थांबविले. हवी तेवढी सामग्री तपासून झाली, आता तिचा अर्थ लावावयाचा, असे कारण चालकांनी दिले. आकाशाकडे कान लावून बसलेली कित्येक यंत्रे त्या दिवसांत विषाणूकडे वळली.

मी त्या वेळी दिल्लीत एका भाड्याच्या खोलीत एकटा होतो. खात्याच्या परीक्षेसाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप जवळ होता. आई-वडील साताऱ्यास. रोज सायंकाळी फोन, आणि त्यात दोन्ही बाजूंनी ‘आम्ही ठीक आहोत’ एवढेच. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून मीही या कामात नाव नोंदविले. पहिल्या दिवशी लॅपटॉपने काम मागितले. काम आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटले, माझेच काही चुकले. मग कळले की, जगभर हीच अवस्था होती. दोन-तीन आठवड्यांत चार लाख नवे स्वयंसेवक येऊन थडकले होते आणि त्यांना द्यावयाचे तुकडे संपले होते. तुकडे तयार करणारी माणसे मूठभर, ते वाटणारे आणि उत्तरे जमा करणारे सर्व्हर तितकेच अपुरे. अनेक मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर उसने दिले, शास्त्रज्ञ रात्रंदिवस खपले, तेव्हा घडी बसली.

महामारीच्या इतिहासात या प्रकाराला कोणी दोन ओळींहून अधिक जागा देणार नाही. पण मला तो सर्वांत बोलका वाटतो. आपण समजतो की, संकटकाळी मदत करणाऱ्यांची वाण पडते. येथे मदतीचा पूर आला आणि वाण पडली ती जावक-लिपिकाची! टेबलावर येणारा कागद वेळेवर पुढे सरकविणाऱ्या माणसाची किंमत जगाला एरवी कळत नाही. त्या पंधरवड्यात ती निदान त्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळली असेल.

आता जमेची बाजू. या कामाचा सविस्तर निबंध २०२१ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात आला. दहा लाखांहून अधिक लोकांच्या यंत्रांनी मिळून विषाणूच्या प्रथिनांची एकूण एक दशांश सेकंदाची हालचाल मोजली होती. वाचकांस हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण डोळ्याचे पाते लवण्यास लागणारा तो काळ अणूंच्या जगात एक युग आहे. विषाणूच्या अंगावर जे काटे असतात, ज्यांना स्पाइक म्हणतात, त्यांचे प्रथिन तीन पाकळ्यांचे आहे. आपल्या पेशीला चिकटणारा भाग ते एरवी मिटवून ठेवते. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना तो सहजी दिसत नाही. चिकटावयाचे तर मात्र त्याला उघडावेच लागते. सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या चित्रांत ते जितके उघडलेले दिसले होते, त्याहून ते कितीतरी अधिक उघडते असे या गणनेत आढळले. तसेच निरनिराळ्या प्रथिनांत मिळून पन्नासांहून अधिक अशी विवरे दिसली की जी स्थिर चित्रात नसतातच, हालचालीत क्षणभर उघडतात. औषधाचा रेणू जाऊन बसण्यास अशी जागा उपयोगी पडू शकते.

याच निबंधात आणखी एक आकडा आहे, तो मी मुद्दाम टिपून ठेवला. एप्रिल २०२० मध्ये चालकांनी आपला वेग २.४ एक्साफ्लॉप म्हणून जाहीर केला होता. निबंधात, मोजण्याची अधिक कडक रीत लावून, त्याच कार्याचा उच्चांक १.०१ एवढाच धरला आहे. जाहीर सभेतील आकडा आणि लेखापरीक्षणानंतरचा आकडा यांत फरक असावयाचाच. तो शास्त्रज्ञांनी स्वतःहून खाली आणला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

वर्गणी केवळ यंत्रवेळेचीच होती असेही नाही. इंग्लंडातील ‘डायमंड लाइट सोर्स’ या क्ष-किरण केंद्रात विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर, म्हणजे त्याची लांबलचक माळ योग्य जागी कापणाऱ्या प्रथिनावर, शेकडो लहान रेणू बसवून पाहिले गेले आणि ते निष्कर्ष तत्काळ सर्वांना खुले करण्यात आले. मार्च २०२० मध्ये त्यावरून ‘कोविड मूनशॉट’ हा उपक्रम निघाला. ज्याला रसायनशास्त्र येते त्याने या जागेत बसेल असा रेणू कल्पून पाठवावा. पेटंट कोणी घ्यावयाचे नाही. १८,००० हून अधिक आराखडे आले. सगळे प्रत्यक्षात बनविणे शक्य नव्हते. कोणते आधी बनवावेत हे ठरविण्यास फोल्डिंगच्या यंत्रांवरील गणिताचा उपयोग झाला, आणि २,४०० हून अधिक रेणू तयार करून तपासले गेले. हे सर्व काम नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसांच्या कल्पना अनोळखी माणसांच्या यंत्रांनी चाळून दिल्या, हे मला या सर्व प्रकरणातील सर्वांत सुंदर दृश्य वाटते.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. रिकाम्या यंत्राचा वेळ फुकट असतो हे खरे नाही. पूर्ण शक्तीने चालणारा संगणक वीज खातो, तापतो. मे महिन्यात दिल्लीत माझी खोली या परोपकारामुळे आणखी एखाद-दुसऱ्या अंशाने तरी तापली असेल. आणि ज्या घरी वीज, तारा आणि एक अधिकचे यंत्र आहे त्यानेच ही वर्गणी द्यावयाची. त्याच महिन्यात ज्या लोकांनी डोक्यावर बोचके घेऊन शेकडो मैलांची वाट धरली, त्यांच्या दुःखाशी माझ्या लॅपटॉपचा काही संबंध नव्हता, हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण ते लिहिल्यावाचून हा हिशेब खरा होणार नाही.

लसींचेही असेच. विषाणूच्या जनुकांची मांडणी जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या लसी त्यावरून, प्रयोगशाळांतील अनेक वर्षांच्या पूर्वतयारीच्या बळावर, निघाल्या. स्वयंसेवकांच्या यंत्रांची त्यांनी वाट पाहिली नव्हती. पुढे दक्षिण कोरियात जून २०२२ मध्ये एका लसीस मान्यता मिळाली. तिचे मूळ सिॲटलच्या ज्या संस्थेत आहे, तेथीलच बेकर यांच्या प्रयोगशाळेचे प्रथिनरचनेचे तंत्र पंधरा वर्षे लोकांच्या संगणकांवर घासूनपुसून निघाले होते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेकर यांना मिळाले. सोबत हॅसाबिस आणि जंपर यांना, ज्यांच्या यांत्रिक बुद्धीने २०२० च्या अखेरीस प्रथिनाचा आकार केवळ माळेवरून ओळखून दाखविला. तेव्हापासून काही लोक म्हणू लागले की, आता घरगुती यंत्रांची गरज संपली. ते पूर्णतः खरे नाही. आकार ओळखणे निराळे, हालचाल पाहणे निराळे. शिवाय ही यांत्रिक बुद्धी ज्या संग्रहावर शिकली, तो प्रथिनांचा जागतिक संग्रह १९७१ पासून हजारो संशोधकांनी आपापले आकार त्यात ठेवून उभारला आहे. तीही वर्गणीच.

येथील मराठी मंडळात एक वृद्ध गृहस्थ येत असत. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही तरुण मंडळी त्यांना काका म्हणत असू. २०२० च्या दिवाळीत मी त्यांना भेटलो तेव्हा या उद्योगाविषयी मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे सर्व ऐकले आणि विचारले, ‘‘हे सगळं खरं. पण याने एक तरी माणूस वाचला का रे?’’ मला उत्तर देता आले नाही. आज, इतके वाचल्यानंतरही, एका रुग्णाकडे बोट दाखवून हा त्या गणिताने वाचला असे मला म्हणता येत नाही. मूनशॉटचे रेणू महामारीच्या ऐन काळात औषध होऊन कोणाच्या उशाशी पोचले नाहीत. जे मिळाले ते पुढल्या संशोधकाच्या टेबलावर ठेवलेले कागद आहेत, सर्वांना खुले, फुकट आणि पडताळलेले.

मी गप्प राहिलो, तेव्हा काकांनी पुन्हा विचारले, ‘‘वर्गणी म्हणतोस ना? मग पावती कुठं आहे?’’ मी त्यांना गुणांची यादी दाखविली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली, आकड्यांची बेरीज तोंडीच ताडून पाहिली आणि म्हणाले, ‘‘मुलाने घेऊन दिलेला संगणक आमच्याकडे पडूनच असतो. रविवारी ये, आणि माझंही नाव घाल.’’ मी गेलो. काकूंनी पोहे केले होते. सगळी जोडणी होईपर्यंत काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, आणि पहिला तुकडा आला तेव्हा त्याचा क्रमांक त्यांनी आपल्या डायरीत उतरवून घेतला.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीत प्राणवायू मिळेनासा झाला त्या आठवड्यात काका गेले. त्या यादीतून नावे काढून टाकण्याची पद्धत नाही. त्यांच्या नावावर त्र्याण्णव तुकडे जमा आहेत. शेवटचा १९ एप्रिलच्या रात्री पूर्ण झाला. तोपर्यंत त्यांना इस्पितळात नेले होते, आणि घरी यंत्र बंद करावयाचे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.